सिलिंडर सगळ्यात शेवटी घ्या : गावच्या पाणबुडी पथकाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही माजलगाव धरणाच्या बॅकवॉटरजवळच्या गावातले, वय २६, पट्टीचे पोहणारे. शेजारच्या शिवारात शेततळ्यात एक लेकरू पडलं, त्याला काढायला त्याचा चुलता उतरला आणि दोघेही गेले. पथक यायला साडेतीन तास लागले. आता गावातली पोरं वर्गणी काढून ऑनलाइन मिळणारा एक जुना स्कूबा सेट (पाण्याखाली श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि त्याचं सामान) घेणार आहेत. तो घ्यावा का, युट्यूबवर बघून शिकता येईल का, आणि पोलिसांनी बुडालेला माणूस किंवा पाण्यात टाकलेलं हत्यार शोधायला बोलावलं तर जावं का, की उगाच कोर्टकचेरी मागे लागेल, असं तुम्ही विचारलंय.

मी अग्निशमन दलात पाण्यातल्या शोध-बचावाचं काम केलं. गोदावरीचं पात्र, नाथसागर (जायकवाडीचा जलाशय), विहिरी, पाझर तलाव, कालवे, सगळीकडे उतरलोय. आता नव्या मुलांना शिकवतो. तुमची तळमळ खरी आहे आणि तिचा उपयोग झाला पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झालीत. एक, बुडणाऱ्याला जिवंत बाहेर काढणं. दुसरं, जो किंवा जे बुडालंय त्याचा शोध घेऊन वर आणणं. सिलिंडर लागतो तो जवळजवळ कायम दुसऱ्या कामाला. मेंदूला ऑक्सिजन मिळायचा थांबला की चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. बर्फासारख्या पाण्यातून बऱ्याच वेळानं काढलेली माणसं जगल्याची उदाहरणं थंड देशांत आहेत, पण पाणी ६ अंशांपेक्षा गरम असेल तर अर्ध्या तासानंतर जगण्याची शक्यता फारच थोडी उरते. आपल्याकडचं पाणी ऐन हिवाळ्यातसुद्धा याच्यापेक्षा कितीतरी गरम असतं. सेट गावात ठेवला तरी तो आणायचा, जोडायचा, तपासायचा, अंगावर चढवायचा, दोर बांधायचा, यात सरावलेल्या पथकाचीही दहा-पंधरा मिनिटं जातात. म्हणजे त्या लेकराला आणि त्याच्या चुलत्याला वाचवणारी वस्तू सिलिंडर नव्हती. ती काठावर असायला हवी होती.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळ्या गावांना एकच उत्तर नसतं. जवळचं अग्निशमन केंद्र किती लांब आहे, त्यांच्याकडे बोट आणि पाणबुडे आहेत का, तुमच्या शिवारात पाणी कोणत्या प्रकारचं आहे (शेततळी जास्त की विहिरी, की नदीचं पात्र), आणि गावात बारा महिने राहणारी माणसं किती, यावर बरंच ठरतं. ऊसतोडीला निम्मं गाव बाहेर असतं तिथं दहा पोरांचं पथक कागदावरच राहतं. अशा ठिकाणी शाळेचे शिक्षक, अंगणवाडी ताई, पिठाची गिरणीवाला अशी हमखास सापडणारी माणसं तयार करावी लागतात.

आधी शेततळ्याचं बोलू, कारण तुमच्या भागात सगळ्यात जास्त धोका तिथंच आहे. प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर चढला की त्या उतारावर माणूस उभाच राहू शकत नाही. पोहता येणारासुद्धा काठापाशी येतो, हात टेकवतो, आणि हात सरकतो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा घसरण. पाच-सात वेळा असं झालं की दम संपतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा तर काठाला आलाय, हात दिला की झालं. तो हात द्यायला दोन पावलं उतरतो आणि तोही आत. माझ्या कामात शेततळ्यातून एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन माणसं काढावी लागली ती याच कारणानं. दुसरा माणूस जवळजवळ नेहमी बापच असतो, नाहीतर चुलता, नाहीतर मोठी बहीण.

यावर उपाय साधा आहे. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर वरच्या खुंट्याला किंवा कुंपणाच्या खांबाला पक्का बांधून पाण्यात सोडून ठेवायचा. गाठ हातभर अंतरावर, म्हणजे ओल्या हातातून सुटत नाही. शेजारी झाकण घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन दोराला बांधून टांगायचा. असा कॅन पाण्यात जवळपास २० किलो वजन उचलून धरतो. माणसाचं पाण्यातलं वजन फार कमी असल्यामुळे कॅन छातीशी धरला की डोकं वर राहतं. दोर नसेल तर शेतातल्या आखाड्यावर (वस्तीवर) ठिबकची नळी असतेच. चार पदरी करून फेका, साडी फेका, लांब बांबू द्या. पण देताना स्वतः पोटावर आडवं झोपा आणि मागून कुणालातरी पाय धरायला लावा. एकटे असाल तर कॅन फेकून ओरडत राहा आणि ११२ लावा. तळ्यात उतरू नका. गावातल्या प्रत्येक पोराच्या अंगात हे मुरलं पाहिजे, आणि ते मुरवण्यासाठी सराव लागतो, नुसतं सांगून भागत नाही.

विहिरीचं गणित वेगळं. पावसाळ्यात पाणी काठोकाठ असतं, उन्हाळ्यात तीच विहीर आठ-दहा परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल आणि तळाला कंबरभर पाणी. अशा वेळी वरून सूर मारणारा खडकावर आपटतो. उतरायच्या आधी दोन गोष्टी तपासल्याशिवाय मी कुणालाही कधी विहिरीत सोडलं नाही. पहिली, वीज. मोटार बंद आहे, लाइट गेलीय, असं सांगितलं तरी विश्वास ठेवायचा नाही. शेतातल्या बहुतेक स्टार्टरना ऑटो बसवलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि केबल कुठं खरचटलेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून) फ्यूज काढायचा, तिथं एक माणूस उभा करायचा, आणि लाइनमनला फोन करायचा. दुसरी, हवा. बंद पडलेल्या, कचरा कुजलेल्या किंवा डिझेल इंजिन आत ठेवून उपसा केलेल्या विहिरीत ऑक्सिजन कमी असतो, किंवा कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू साठलेला असतो. मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीत फक्त ऑक्सिजन फारच कमी आहे का एवढंच सांगते. विषारी वायू असताना ज्योत छान जळत राहते. वायू मोजायचं यंत्र नसेल तर माणूस सोडू नका. आत पडलेला माणूस शुद्धीवर असेल आणि बोलत असेल तर बाज चार कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडा, त्याला तिच्यावर बसू द्या, वरून ओढा.

बाहेर काढल्यावर काय करायचं, यात गावोगावी अजून चुका होतात. उलटं टांगणं, पोटावर दाबून पाणी काढणं, गरागरा फिरवणं, यात सगळी मोलाची मिनिटं जातात, आणि पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं. अलीकडे मोबाइलवर फिरतंय की बुडालेल्याला पोतीभर मिठात झाकलं की तो जिवंत होतो. आईबापांनी तासन् तास लेकराला मिठात ठेवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. हे खोटं आहे, पूर्ण खोटं आहे, आणि त्या तासात दवाखाना गाठता आला असता. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून सुरुवात तोंडानं श्वास देण्यानं करायची. पाठीवर झोपवा, डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून दोन ते पाच श्वास द्या, छाती उचलली जाते का बघा. मग छातीच्या मध्यभागी जोरात ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. १०८ येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्यानं घ्यावं. फेस येत राहिला तरी पुसत बसू नका. आणि शुद्धीवर आला, चालायला लागला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात पाणी गेलेल्याची तब्येत काही तासांनी बिघडू शकते.

इथवर जे सांगितलं त्याला सिलिंडर लागला नाही. आता त्याच्याकडे वळू.

पोहणं आणि बुडी मारून काम करणं, यांचा एकमेकांशी संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. दर १० मीटर खोलीला दाब पाण्यावरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो. १० मीटरवर तुम्ही सिलिंडरमधून छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटतं. याला १० मीटरही लागत नाहीत. उभ्या माणसाच्या उंचीएवढ्या पाण्यातसुद्धा हे घडू शकतं. आणि आपल्याकडच्या प्रत्येक पोहणाऱ्याची लहानपणापासूनची सवय काय? पाण्यात श्वास धरायचा. घाबरला की तो तेच करणार. ही सवय मोडायला शिक्षक समोर पाण्यात असावा लागतो. व्हिडिओ बघून ती मोडत नाही.

हवेचा हिशोबही बघा. १० लिटरचा सिलिंडर २०० बार (हवेच्या दाबाच्या साधारण २०० पट) दाबानं भरला तर त्यात २००० लिटर हवा. शांत माणूस मिनिटाला साधारण २० लिटर वापरतो, पण २० मीटर खोलीवर दाब तिप्पट म्हणून ६० लिटर. कागदावर अर्धा तास झाला. पण गढूळ पाण्यात, चिखलात हात घालून, काठावर आईबाप रडतायत हे ऐकून खाली गेलेला माणूस याच्या दुप्पट हवा ओढतो. म्हणजे पंधरा-सोळा मिनिटं. त्यातली एक तृतीयांश हवा अडचणीसाठी राखायची. प्रत्यक्ष कामाला हाती राहतात दहाएक मिनिटं.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट समुद्रावर शिकलेल्या मुलांच्या लक्षात येत नाही. नाथसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे ४६० मीटरच्या वर असते. ३०० मीटरच्या वर बुडी मारायची तर किती खोल किती वेळ थांबायचं हे सांगणारे समुद्रावरचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत, कारण वर येऊन ज्या हवेत तुम्ही बाहेर पडता तिचाच दाब कमी असतो, आणि रक्तातला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडायची भीती वाढते. तुमचं माजलगावचं धरणही ३०० मीटरच्या वरच आहे. उंचीसाठीचे तक्ते वापरायचे, किंवा पाणबुड्याच्या हातावरचा डायव्ह कॉम्प्युटर तसा लावायचा, आणि वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही.

जुन्या सेटबद्दल तर माझं मत ठाम आहे : घेऊ नका. सिलिंडरची ठरावीक वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं मजबुतीची तपासणी) व्हावी लागते, तिचा शिक्का गळ्यावर असतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कित्येक सिलिंडरांवर तो जुना तरी असतो किंवा नसतोच. समजा तोही नीट मिळाला, तर हवा कुठं भरणार? पंक्चरवाल्याचा किंवा रंगकामाचा कॉम्प्रेसर श्वासाची हवा देत नाही, त्यातून तेलाची वाफ आणि इंजिनचा धूर आत जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खाली गेलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. काही ठिकाणी दवाखान्याचा ऑक्सिजन सिलिंडर बांधून उतरायचा विचार होतो, तो तर आणखी वाईट. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली विषारी ठरतो, माणसाला पाण्यातच झटके येतात.

हेच दम धरून बुडी मारणाऱ्यांनाही सांगतो. आपले भोई आणि कोळी बांधव पाण्याचे खरे जाणकार आहेत, कित्येक वेळा पथकाच्या आधी त्यांनीच माणूस शोधून दिलाय, आणि नदीच्या तळाची त्यांच्याएवढी माहिती कुणालाच नसते. पण बुडीच्या आधी भराभर दीर्घ श्वास घ्यायची जी सवय आहे ती सोडा. तिनं शरीरातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि श्वास घ्यावासा वाटणं लांबतं, ऑक्सिजन मात्र तेवढाच राहतो. गुदमरल्याची जाणीव व्हायच्या आधीच शुद्ध जाते. एक बुडी, मग पुरेशी विश्रांती, आणि दर वेळी कमरेला दोर.

दोराचं महत्त्व कळावं म्हणून एक शोध कसा चालतो ते दाखवतो. समजा पाझर तलाव आहे आणि माणूस दोन तासांपूर्वी बुडालाय. पथकानं आल्या आल्या पाण्यात उतरायचं नसतं. आधी ज्यांनी पाहिलं त्यांना बाजूला घ्यायचं, एकेकाला, दुसऱ्याचं ऐकू येणार नाही असं. प्रत्येकाला तो ज्या जागी उभा होता नेमकं तिथंच उभं करायचं आणि बोट दाखवायला सांगायचं : समोरच्या काठावरच्या कोणत्या झाडाच्या, कोणत्या दगडाच्या रेषेत डोकं शेवटचं दिसलं? दोन साक्षीदारांच्या दोन रेषा जिथं छेदतात तिथं बोटीतून दगड बांधलेला कॅन सोडायचा. साचलेल्या पाण्यात माणूस फार लांब जात नाही. तिथली खोली जेवढी, साधारण तेवढ्याच अंतराच्या घेऱ्यात तो तळाला सापडतो. आठ मीटर खोल असेल तर कॅनभोवती आठ मीटर. लोक मात्र अख्खा तलाव ढवळायला लागतात, आणि तळाचा गाळ उठून उरलंसुरलं दिसणंही बंद होतं.

मग एक पाणबुड्या उतरतो. काठावर किंवा बोटीत त्याचा दोर धरणारा असतो, आणि माझ्या मते संपूर्ण पथकातला सगळ्यात मोलाचा माणूस तोच. खाली काही दिसत नाही. टॉर्च लावली तर डोळ्यासमोर चहाच्या रंगाचा पडदा, बस्स. पाणबुड्या दोर ताणून धरतो आणि तळाशी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला कमानीत सरकत जातो, पुढचा हात गाळावरून हळूहळू फिरवत. कमानीच्या टोकाला आला की वरचा माणूस हातभर दोर सोडतो, पाणबुड्या वळून परत येतो. असं करत तळाचा एक पंखा पूर्ण तपासला जातो, आणि वरचा माणूस वहीत लिहितो : या खुणेपासून त्या खुणेपर्यंत इतके मीटर झालं, हवा इतकी उरली, वेळ अमुक. आमच्याकडे दोराला एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे परत ये, आणि चार किंवा जास्त म्हणजे अडकलोय, मदत. प्रत्येक पथकाची खूण वेगळी असते, म्हणून दुसऱ्या पथकाबरोबर काम करायचं तर आधी खुणा जुळवून घ्यायच्या. दुसरा पाणबुड्या पूर्ण तयार, फक्त मास्क लावायचा बाकी, असा काठावर बसलेला असतो. तो नसेल तर पहिला उतरत नाही. मग कितीही गर्दी असो आणि कुणीही पुढारी फोनवर असो.

खाली अडकायला पुष्कळ काही असतं : मासेमारीची तुटलेली जाळी, वेड्या बाभळीच्या फांद्या, मोटारीच्या केबल, बॅकवॉटरखाली गेलेली तारेची कुंपणं. गोदावरीत वाळू उपशाचे खड्डे तर असे की गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल दोन पुरुष खोल. कापायला चाकू आणि कात्री दोन्ही हवं, दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेलं, म्हणजे एक हात अडकला तरी दुसऱ्यानं काढता येईल.

पण या सगळ्यापेक्षा मला भीती वाटते ती बंधाऱ्याच्या दारांची. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या), कालव्याचं गेट, जॅकवेलचं (पाणी उपसायच्या विहिरीचं) तोंड, इथं दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक असतो. पंधरा फुटांचा फरक असेल आणि एक फूट लांब-रुंद भोक उघडं असेल, तर त्या भोकावर चारशे किलोपेक्षा जास्त भार येतो. माणसाचा पाय किंवा धड त्यात ओढलं गेलं तर दहा जणांनी दोर ओढूनही सुटत नाही. आणि जवळ जाईपर्यंत काही जाणवतही नाही, पाणी वरून शांत दिसतं. अशा ठिकाणी पाटबंधारे खात्याचा माणूस समोर उभा राहून दारं बंद, पंप बंद, असं सांगेपर्यंत आणि तसं लिहून देईपर्यंत कुणीही उतरू नये. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना त्याच्या खालच्या बाजूचं फेसाळ पाणीही तसंच. ते माणसाला गोल गोल फिरवत आतच ठेवतं, लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरी.

काठावरच्या दडपणाबद्दलही लिहायला हवं. "तास झाला, उतरत का नाहीत? तुमचं लेकरू असतं तर?" हे ऐकावं लागतं, आणि ऐकताना पोटात तुटतं. बचावाची वेळ निघून गेली असेल तर तसं आईबापांना कुणीतरी मायेनं, स्पष्ट सांगावं लागतं. आम्ही एक माणूस फक्त त्यांच्याजवळ बसायला ठेवायचो. त्यानंतर घाई करायचं कारण उरत नाही. अंधार पडला की थांबायचं, पाणी चढत असेल तर थांबायचं. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत मृतदेह आपोआप वर येतो, थंडीत आणि खोल पाण्यात बराच उशीर लागतो.

आता पोलिसांबरोबरच्या कामाचं. बोलावलं तर जा, पण ठाणेदारांनी बोलावल्याची नोंद होऊ द्या आणि तुमच्या मर्यादा आधीच सांगा. पाण्यातून काढलेल्या मृतदेहाची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली येतं, पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. त्यात पंचांसमोर पंचनामा होतो. तो अपघात होता, आत्महत्या होती की आणखी काही, हे ठरवणं आपलं काम नाही, म्हणून पाहिलेलं तेवढंच सांगायचं आणि पुरावा बिघडणार नाही असं काढायचं. गळ टाकून काढलं असेल तर गळाची जखम कुठं झाली ते पोलिसांना सांगा, म्हणजे पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांचा घोळ होणार नाही. मुठी उघडू नका. मुठीत गवत, कापडाचा तुकडा, काहीही असू शकतं. कपडे ठीकठाक करायला जाऊ नका. ज्या जागी सापडला तिथलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून द्या, कारण त्या पाण्यातले सूक्ष्म शेवाळकण आणि हाडाच्या मज्जेत सापडणारे कण जुळवून पाहता येतात.

हत्यार शोधायचं काम आणखी बारीक असतं. आरोपीनं जागा दाखवली आणि त्यावरून वस्तू सापडली, तर त्या सापडण्याला कोर्टात मोठी किंमत असते. म्हणून कोण उतरलं, कुठून उतरलं, काठापासून किती अंतरावर, किती खोल, गाळाच्या वर होतं की आत, हे सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. एकदा विहिरीच्या तळाशी गाळात हात घालताना माझ्या बोटाला कोयत्याची मूठ लागली. लागलीच वर काढायचा मोह होतो. ती तशीच ठेवली, खुणेचा दोर बांधला, वर येऊन सांगितलं, पंच जवळ आले, मग झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत त्याच विहिरीच्या पाण्यासकट ती वर आणली. पाण्यातलं लोखंड हवा लागताच झपाट्यानं गंजतं आणि उरलेल्या खुणा जातात. बंदूक, पिस्तूल असेल तर तेही पाण्यातच ठेवून द्यायचं, झटकायचं नाही, चाप-घोडा हलवायचा नाही. मोबाइल सापडला तर चालू करून बघायचा नाही. आणि हो, साक्षीला जावं लागेल. त्याला घाबरू नका. त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलेलं असेल तर चार वर्षांनीही नीट सांगता येतं.

मग शिकायचं कुठं? तुमचं वय बसतं, म्हणून पहिली पायरी आपदा मित्र. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना आहे, १२ दिवसांचं प्रशिक्षण असतं. बीडला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन ती सध्या चालू आहे का आणि पुढची तुकडी कधी आहे ते विचारा. बुडी मारायचं शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) स्कूबा संस्था आहे. आधी डॉक्टरांकडून कान, सायनस, छाती तपासून घ्या. दमा, फिट येणं, कानाचा पडदा फाटलेला असेल तर हा नाद सोडा. 'ओपन वॉटर' नावाचा स्कूबाचा पहिला कोर्स १८ मीटरपर्यंतचा असतो, आणि तो स्वच्छ पाण्यात, जोडीदार दिसत असताना झालेला असतो. त्या प्रमाणपत्रावर कुणी गोदावरीच्या गढूळ पाण्यात मृतदेह शोधायला उतरू नये. त्यानंतर रेस्क्यूपर्यंतचे कोर्स, मग एखाद्या चालत्या पथकाबरोबर आधी दोर धरायचं काम, मग मास्क काळा करून तलावात सराव. माझ्याकडच्या मुलांना मी बराच काळ फक्त दोर धरायला लावतो. कंटाळतात, पण खाली गेल्यावर वरचा माणूस काय करतोय हे त्यांना नेमकं माहीत असतं.

मोठ्या पुरात किंवा धरणाच्या खोल पाण्यात पुण्याची एनडीआरएफची (केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन किंवा धुळे-नागपूरची एसडीआरएफ (राज्याचं तसंच दल) येते. त्यांना पोहोचायला तास लागणार, ते अंतर कमी होणार नाही. त्या तासांत तुम्ही जागा राखून ठेवलीत, साक्षीदार थांबवून ठेवलेत, बोट आणि भोई तयार ठेवलेत, तर त्यांचा शोध अर्ध्या वेळेत होतो.

वर्गणीच्या पैशांचं माझं मत असं. चांगली लाइफ जॅकेटं, चार लाइफ रिंग, तरंगणाऱ्या दोराच्या तीन-चार थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोराच्या पिशव्या), एक ॲल्युमिनियमची शिडी, आणि छाती दाबायच्या सरावाचा पुतळा. उरलेल्या पैशांत शिवारातल्या प्रत्येक शेततळ्याला गाठींचे दोर. एका वहीत गावातल्या सगळ्या विहिरी, तळी, बंधारे लिहून काढा : खोली, कठडा आहे का, मोटार कुणाची, डीपी कुठली, लाइनमनचा नंबर, गाडी कुठपर्यंत जाते. ११२, १०१, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर पहिल्या पानावर. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे. आणि पहिला सराव पोळ्याच्या आत उरकून घ्या, कारण त्यानंतर लगेच गणपती येतात आणि विसर्जनाला सगळं गाव पाण्यावर असतं.